बारा फुटांचं तोंड

"फरशीखाली काही आहे काय, काकू?" नत्थू मिस्त्रीनं विचारलं आणि चंद्रकला म्हणाली, "नाही."

उत्तर इतकं पटकन आलं, की तिला वाटलं, हे कितीतरी वर्षं चपला घालून दाराआड उभंच होतं, कोणी विचारायची वाट पाहत. नत्थूनं तसं साधंच विचारलं होतं. एखादी टाकी, बुजवलेली विहीर, गटाराची जुनी लाइन, असं काही असलं तर आधी सांगा, म्हणजे टेकू कुठं उभे करायचे ते मला कळेल, एवढंच. "वरची पुरी खोली या भिंतीच्या डोक्यावर हाये," तो म्हणाला. "उद्या भिंत काढली का तिचं वजन जाईन कुठं? माह्या जॅकवर. अन् जॅकचं वजन जाईन जमिनीवर. जमीन पक्की पायजे, बस." त्यानं हातोडीच्या दांड्यानं दोन-तीन ठिकाणी फरशी ठोकून पाहिली. ढब, ढब, सगळीकडे सारखीच. संजीव खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेपचं टोक भिंतीला धरून उभा होता. आईचं 'नाही' ऐकलं आणि त्याच्या हातून टेप सुटला. पत्र्याची पट्टी सर्रकन खोलीभर पळत गेली आणि नत्थूच्या हातातल्या डबीत शिरली. संजीवनं बोट तोंडात घातलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कानावरचे केस पांढरे, आणि बोट तोंडात घातलं की अजून तसाच दिसायचा. "कापलं काय?" तिनं विचारलं. "नाही," तोही म्हणाला. त्या सकाळी त्या खोलीत दोघांनीही एकेकदा 'नाही' म्हटलं, आणि नत्थूनं पेन्सिलीनं फरशीवर फुल्या मारायला सुरुवात केली.

भिंतीला बारा फुटांचं तोंड कशाला, हे पहिल्यांदा चंद्रकलेलाही कळलं नव्हतं. टेम्पो काय बारा फूट रुंद असतो? पण वाडीतली त्यांची गल्ली अशी, की अमरावती रोडवरून आत वळलं की समोरच्या गोदामाची भिंत नाकाला लागते. गाडी सरळ आत येऊच शकत नाही, तिरपी येते, आणि तिरप्या येणाऱ्याला दार मोठं लागतं. संजीवनं हे तिला ताट आणि वाटी घेऊन समजावलं होतं. टेम्पो रस्त्यावर उभा राहायचा. दोनदा बॅटरी गेली, एकदा आरसा गेला. म्हणून बाजूच्या या वाढीव खोलीचं रस्त्याकडचं अंग उघडायचं, वर लोखंडी गर्डर टाकायचा, खाली शटर. गर्डर चढेपर्यंत वरचा भार धरायचा कोणी, तर टेकूंनी. भिंतीत वरच्या बाजूला पाच भोकं, त्यातून आरपार पाच लोखंडी तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याखाली एक टेकू बाहेरून, एक आतून. "जसं एखाद्याले काखेत हात घालून उचलून धरते ना," नत्थू म्हणाला, "अन् तेवढ्यात खालून त्याची खाट बदलून टाकते. तसं." त्याला काही माहीत नव्हतं. पण चंद्रकलेनं नवऱ्याला तसं उचलून धरलं होतं, दोन वर्षांपूर्वी, रोज सकाळी, चादर बदलताना. त्या अंगात तेव्हा वजन असं काही उरलंच नव्हतं.

वाढीव खोली म्हणतात ती आता. खुद्द तीही म्हणते. पण ही बांधली ती हातमागासाठी. लग्न होऊन ती उमरेडहून आली तेव्हा बाबनरावांनी शहरातलं भाऊबंदांचं घर सोडून इथं वाडीत दोन खोल्या घातल्या होत्या, आणि तिसरी ही. खोली आधी नव्हे, खड्डा आधी. खिडकीसमोर, उजेड हातावर पडेल असा, कमरेइतका खोल, आतून शेणामातीनं लिंपलेला. त्यावर माग. विणणारा काठावर बसणार, पाय खड्ड्यात सोडणार, खाली दोन पावड्या. उजवी दाबली की अर्धे तार वर, डावी दाबली की उरलेले, आणि मधून धोटा पळणार. माहेरीही हेच होतं, त्यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच, की हा माणूस आता तिचा नवरा होता आणि दिवसभर तो तिला अर्धाच दिसे. कमरेपासून वर. ती भिंतीशी चरखा घेऊन कांड्या भरत बसायची, आणि समोर जमिनीतून उगवल्यासारखा बनियनमधला अर्धा माणूस; हात इकडे, हात तिकडे. पायांचा नुसता आवाज. खट्, खट्. लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी एकदा ते बाजारात पुढं चालत होते आणि ती मागून, तेव्हा तिला वाटलं, अरे, यांना पायही आहेत, आणि ती रस्त्यात हसली. "काय झालं वं?" त्यांनी वळून विचारलं. काय सांगणार. चहा ती खड्ड्याच्या उजव्या काठावर ठेवायची, कारण डावीकडे कांड्यांची टोपली. त्या जागी फरशी नसलेल्या जमिनीवर बशीचा एक गोल उमटला होता. ती फरशी पुढं आली, खड्डा बुजल्यावर. शहाबादी, करड्या रंगाची. आणि आता नत्थूच्या पाच फुल्यांपैकी तिसरी त्या बशीच्या गोलापासून हातभर अंतरावर पडली होती. पडणारच. खिडकी भिंतीच्या मधोमध, आणि खड्डा खिडकीसमोर.

दिवसभर लोखंडाचे आवाज होत राहिले. भोकं पडली, तुकडे घातले गेले, टेकू उभे झाले. नत्थू प्रत्येकाखाली फळी घाली, मग गोल फिरवून तो वर चढवी, आणि लोखंड लोखंडाला लागलं की थांबे, कान देई, आणखी अर्धा फेरा देई. सून काजल दोनदा चहा देऊन गेली आणि दोनदा तेच बोलली, "भाऊ, आमचा पलंग वर आहे बरं. सकाळी उठल्यावर मले वरच उठाचं आहे, खाली नाही." नत्थू म्हणाला, "वहिनी, तुम्ही बिनधास्त झोपा. फक्त संजूभाऊले कूस हळू बदलाले सांगा." काजल तोंडाला पदर लावून हसत पळाली. चंद्रकलाही हसली. आतल्या तिसऱ्या टेकूकडे मात्र तिनं पाहिलं नाही. न पाहताही तो कुठं आहे ते तिला कळत होतं, जसं दुखऱ्या दाताजवळून घास फिरवून नेताना कळतं. सांगायला काय लागत होतं? तीन शब्द. 'तिथं खड्डा आहे.' पण त्या तीन शब्दांच्या मागोमाग संजीव विचारेल, कोणता खड्डा? मग, का बुजवला होता? आणि ते तिनं अठ्ठावीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःला समजावलं, की इतक्या वर्षांत माती घट्ट झाली असेल. माणसांचं मन घट्ट होतं, मातीचं का नाही होणार. रात्री पडल्यापडल्या तिला झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्याचीच लाज वाटली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी संजीव दहावीत होता, सोळा वर्षांचा. शाळेतला एक मुलगा त्याला बोलवायला आला आणि खिडकीतून डोकावून म्हणाला, "तुझे बाबा जमिनीत काय करून राहिले बे?" एवढंच. पोरगा वाईट नव्हता, पुढं संजीवच्या लग्नात वाढायलाही आला. पण त्या संध्याकाळी संजीव दारात उभा राहिला, आत आलाच नाही, आणि म्हणाला, "सगळ्यायचे बाप खुर्चीवर बसते. माहाच बाप खड्ड्यात बसते. जित्तेपणी." चंद्रकलेच्या हातातला चरखा थांबला. मागाचा आवाज थांबला नाही. एक खट् फक्त चुकला, पायरी चुकावी तसा, आणि पुन्हा सुरू झाला. बाबनराव हसले. "खुर्चीवरून धोटा फेकता येत नाही ना गा बेटा," ते म्हणाले. पोरगा निघून गेला. जेवायला परत आला, वरणात लिंबू जास्त झालं म्हणून कुरकुरला, म्हणजे झालं गेलं संपलं, असं तिला वाटलं. रागावायला हवं होतं, एक थोबाडीत द्यायला हवी होती, हे तिला पुढं फार वेळा वाटलं. थोबाडीत बसली असती तर त्या बोलण्याची फेड तिथल्या तिथं झाली असती.

ताण्यावर साडेतीन हात लुगडं उरलं होतं. ते चार दिवसांत विणून झालं. त्यांच्यात माग रिकामा ठेवत नाहीत. जुना ताणा संपत आला की नव्याचे तार त्याच्या टोकाला पिळून जोडायचे, एकेक करून, शेकडो; म्हणजे फणीतून दोरा पुरता कधी निघतच नाही. बाबनराव म्हणायचे, माझ्या बापाच्या हातचा तार अजून यात कुठंतरी आहे. ते खरं नव्हतं, कसं असेल, पण ती कधी बोलली नाही. त्या दिवशी त्यांनी नवा ताणा आणला नाही. लुगडं कापून घडी केली, आणि उरलेली टोकं चाकूनं उभी कापली. कापताना आवाज झाला नाही, याचंच तिला नवल वाटलं. मग शेजारून ढकलगाडी आणली, नाल्याच्या खोदकामाची माती आणली, चुलीची राख, फुटकी कौलं, आणि पावड्या न काढताच त्यावर सगळं लोटलं. मागाची चौकट कोणीतरी खाटेसाठी घेऊन गेलं. संजीव शाळेतून आला तेव्हा जमीन सपाट होती. "गुडघे गेले बा," बाबनराव त्याला म्हणाले. "डॉक्टर म्हणते, पाय लोंबकळत ठेवू नका." आणि तिला, पोरगा आत गेल्यावर, अगदी हळू, "त्याले काही बोलू नको वं संजूची माय. लेकरू आहे. त्यानं खोटं काय म्हटलं?"

मग खुर्ची मिळाली. पलीकडच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या फाटकावर, राखणदाराची, निळी प्लास्टिकची. पंचवीस वर्षं ते तिच्यावर बसले. दुपारी ती डबा घेऊन जायची, आणि दुरूनच पहिल्यांदा दिसायचे ते पाय. आता ते दिवसभर दिसत होते. ट्रक येत होते, जात होते, धूळ उडत होती, आणि खुर्चीखाली ते पाय चालू होते: उजवा, डावा, उजवा, डावा. खाली काही नसताना. तिनं एकदा विचारलं, "काय करून राहिले तुमी?" त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्याचे पाय पाहावेत तसे, आणि म्हणाले, "काई नाई. मुंग्या आल्या." शेवटी दवाखान्यातही चादरीखाली तेच. नर्स म्हणायची, "बाबा, पाय स्थिर ठेवा ना, सुई निघते." संजीव पायाशी बसून दोन्ही पावलं हातानं धरून ठेवायचा, तासन्तास. ती पाहायची आणि तिला वाटायचं, आता सांगावं याला. आणि वाटायचं, नको, हे याला कसं धरवेल.

सकाळी नत्थूनं खिडकीखालच्या विटा काढल्या. अकरा-साडेअकरापर्यंत गुडघ्याइतकं भगदाड पडलं आणि गल्लीतला उजेड प्रथमच फरशीवर आला. मग तो बाहेर कडुनिंबाखाली डबा घेऊन बसला. संजीवला दम नव्हता. खिडकीची चौकट सुटी करून ठेवतो म्हणून तो पहार घेऊन आत गेला. चंद्रकला त्याला जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली. तिला चष्मा आहे, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं झालंय, पण कापडात एक तार जरी ढिला असला तरी तो अजून तिला पलीकडून दिसतो. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपी, एक रेघ होती. सकाळी नव्हती. आणि तिसऱ्या टेकूखालची फळी एका अंगाला कललेली. तिच्याखालची फरशी मधोमध उललेली. टेकूचं डोकं आणि वरचं लोखंड यांच्यामध्ये उजेड दिसत होता. कांडीवरच्या दोऱ्याएवढा. म्हणजे तो टेकू काहीच धरत नव्हता. आपल्या वाटचा भार त्यानं मुकाट्यानं शेजारच्यांवर टाकला होता आणि नुसता उभा होता. संजीव त्याच्याखाली, वर पाहत, पहारीचं टोक चौकटीत घालत होता.

"संजू," ती म्हणाली, "बाजूले हो."

"झालंच, आई. दोन मिनिटं."

"बाजूले हो म्हणते ना. पहार ठेव खाली." आवाज चढवायला तिला भीती वाटली, जणू आवाजानंही काही पडेल. "तिथं खाली मागाचा खड्डा आहे."

त्यानं पहार अलगद खाली ठेवली आणि दोन पावलं मागं आला, थेट तिच्याजवळ. कोणता खड्डा, असं तो विचारणार होता. ती तयार होती. तो म्हणाला, "माहीत आहे."

नत्थू हात न धुताच धावत आला. फळी पाहिली, रेघ पाहिली, बाहेरून दोन जास्तीचे टेकू आणून तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंना, दूर, भिंतीलगतच्या जुन्या पक्क्या जमिनीवर चढवले. घट्ट बसल्यावर त्यानं कपाळ पुसलं आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे काकू, तुमाले माहीत होतं. अन् संजूभाऊ, तुमालेबी माहीत होतं. फक्त ज्याले विचारा लागलं त्यालेच माहीत नव्हतं. वा बा, वा." तो बिडी काढून बाहेर गेला. दारातून परत वळून म्हणाला, "आता जेवू नका. पहिले हे उकरा. कडक जमीन लागेलोक उकरा लागते, मग काँक्रीट भरू, त्यावर फळी. अन् यापुढं मी घरात पाय टाकला का सगळ्यायले रांगेनं उभं करून विचारीन, सुनेलेबी." वरून, जिन्यात उभ्या काजलचा आवाज आला, "मले खरंच माहीत नव्हतं हो भाऊ."

फरशी संजीवनंच काढली. माती काळी, भुसभुशीत, राखेनं करडी झालेली. घट्ट वगैरे काही झाली नव्हती, पाटी-पाटीनं निघत होती. नत्थूनं माणूस देऊ केला तर तो "राहू दे" म्हणाला. चंद्रकला भिंतीशी बसली. काम नसताना ती त्या भिंतीशी बसली की हात आपोआप चरख्याच्या उंचीवर यायचे, म्हणून तिनं ते पदरात गुंडाळले. दहा-बारा पाट्या निघाल्या. मग तो न थांबता, खाली पाहतच म्हणाला, "काल तू नाही म्हटलं. मले वाटलं, ही विसरली. म्हटलं, चांगलं झालं."

"मलेबी वाटलं तू विसरला."

"मी काय विसरतो." फावडं कौलावर खणकलं. त्यानं कौल काढून बाहेर ठेवलं, हळू, फुटकंच असूनही. "मी बोललो होतो ना तेव्हा."

"काय बोलला होता?"

"आई."

"लहान होता तू."

"सोळा वर्षांचा होतो. सोळाव्या वर्षी ते मागावर बसले होते." तो आता मांड्यांपर्यंत आत होता. "मी नंतर म्हणणार होतो त्यायले. रोज. फाटकाजवळून गाडी नेताना रोज वाटे, आज थांबतो. मग हॉर्न वाजवायचो अन् निघून जायचो. ते हात करायचे."

हॉर्नचं तिला माहीत होतं. जेवताना ते सांगायचे: संजूनं आज दोनदा वाजवला. असं सांगायचे, जसं कोणी पत्र आल्याचं सांगावं. हेही तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही.

पावड्या मिळाल्या नाहीत. वाळवीनं खाल्ल्या असाव्यात. लाकडाच्या जागी लाल भुकटी होती. पण त्यांना बांधलेली दोरी त्याच वर्षी बाबनरावांनी नवी, नायलॉनची आणली होती, आणि ती तशीच होती, निळी, गाठींसकट, काल बांधल्यासारखी. संजीवनं ती उचलली, माती झटकली, गाठीतून बोट फिरवलं आणि काठावर ठेवली. फेकली नाही. आता तो कमरेइतका आत उभा होता, कडक जमीन लागली होती, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. भगदाडातून येणारा उजेड त्याच्या हातांवर पडत होता. चंद्रकलेनं पाहिलं आणि मान फिरवली, आणि पुन्हा पाहिलं.

"आई," तो म्हणाला. "त्यायचे गुडघे गेले होते ना? डॉक्टर म्हणाला होता ना तसं?"

त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तो उत्तराची वाट पाहत राहिला, टेप सुटलेल्या पोरासारखा.

"हो," ती म्हणाली. "गुडघेच गेले होते."

काजल चहा घेऊन आली. चंद्रकलेनं कप तिच्या हातातून घेतला, उठली, आणि खड्ड्याच्या उजव्या काठावर ठेवला. डावीकडं जागा मोकळीच होती, तरी. बाहेर नत्थू काँक्रीटसाठी रेती चाळत होता, आणि मोठ्या रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती. संजीव हाताच्या जोरावर वर सरकला आणि काठावर बसला, पाय आत सोडून, पाठ तिच्याकडं. चहा फुंकून प्यायला लागला. थकला होता. तिला तो कमरेपासून वरच दिसत होता. खाली त्याचे पाय स्थिर होते की हलत होते, ते भिंतीपासून कळत नव्हतं. दोन पावलं पुढं जाऊन वाकलं असतं तर कळलं असतं. ती वाकली नाही.